घर आधी, रक्त नंतर: जेकोबियन सूडनाट्य बसवताना

पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर होता तो काळ १६०३ ते १६२५ चा. त्या वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर सूडाच्या ज्या शोकांतिका आल्या, त्यांना जेकोबियन सूडनाट्यं म्हणतात. यातलं एखादं नाटक हाती घेतलं की दिग्दर्शक बहुतेकदा चुकीच्या टोकाला हात घालतो. कवटी कुठून आणायची, रक्त किती लागेल, शेवटी प्रेतं किती पडतात, याच गप्पा पहिल्या बैठकीत रंगतात. हे सगळं लागतं, आणि त्याची मापं पुढे दिली आहेत. पण तालमीचे पहिले दोन आठवडे त्याला हात लावू नका. या नाटकांत सूड हे दुखण्याचं शेवटचं लक्षण असतं, दुखणं घरातलं असतं. भाऊ बहिणीच्या लग्नावर पहारा ठेवतो, आई सोन्याची नाणी पाहून मुलीचा सौदा करायला तयार होते, बाप स्वतःच्याच सावत्र मुलाच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसतो. हे घर रंगमंचावर खरं वाटलं नाही, तर पाचव्या अंकात प्रेक्षक हसतो. त्यात त्याची काही चूक नसते.

नाटक कोणतं घ्यायचं

आपल्याकडे काय आहे ते पाहून निवडा. दोन ताकदीच्या अभिनेत्री आणि एक चपळ जिभेचा नट असेल तर ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ घ्या. हे १६०७ साली लेखकाच्या नावाविना छापलं गेलं. पुढे ते बराच काळ सिरिल टर्नरच्या नावावर चाललं, आज बहुतेक अभ्यासक ते थॉमस मिडलटनचं मानतात. मध्यभागी उभी राहून अख्खं नाटक पेलणारी एक अभिनेत्री असेल तर जॉन वेबस्टरचं ‘द डचेस ऑफ माल्फी’. ते १६१३-१४ च्या सुमारास रंगमंचावर आलं आणि १६२३ मध्ये छापलं गेलं. पात्रं कमी हवी असतील तर मिडलटन आणि विल्यम रोली यांचं १६२२ चं ‘द चेंजलिंग’ बरं. त्यातलं वेड्यांच्या इस्पितळाचं उपकथानक अनेक जण सरळ कापतात. कापता येतं, पण मग मुख्य कथेतला वेडेपणा एकटा पडतो आणि नायिका बिॲट्रिस फक्त दुष्ट बाई वाटू लागते. ब्यूमाँट आणि फ्लेचर यांच्या ‘द मेड्स ट्रॅजेडी’त भाऊ बहिणीला धमकावून राजाचा खून करायची शपथ घ्यायला लावतो. कौटुंबिक क्रौर्य म्हणून तो प्रवेश फार वरच्या दर्जाचा आहे, पण बाकीच्या नाटकाला धीर लागतो. मिडलटनच्या ‘विमेन बिवेअर विमेन’च्या शेवटी विषारी धूप, बाण आणि चोरदार सगळं एकाच मुखवटानाट्यात येतं. रंगमंचाला चोरदार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी ‘डचेस’ किंवा ‘रिव्हेंजर्स’ यांपैकी एक घ्यावं. पुढचे तपशील मुख्यतः याच दोघांचे आहेत.

घराचा कागद

तालमीच्या खोलीत भिंतीवर मोठा कागद लावा. प्रत्येक पात्राच्या नावापुढे चार रकाने करा. हा माणूस कुणाच्या मर्जीवर जगतो? घरातलं कुणाचं लग्न झालं किंवा मोडलं तर याला काय मिळतं, काय जातं? याचं देणं कुणाकडे थकलंय? आणि कुणाच्या खोलीची किल्ली याच्याकडे आहे? शेवटचा रकाना अलंकार म्हणून घातलेला नाही. ‘डचेस’मध्ये घरात पेरलेला हेर बोसोला खरोखरच डचेसच्या शयनगृहाची बनावट किल्ली करवून घेतो आणि ती तिचा भाऊ फर्डिनंडच्या हातात देतो. संपूर्ण तिसरा अंक त्या किल्लीवर फिरतो.

कागद भरताना जिथे रकाना रिकामा राहतो, तिथेच नटाचं काम असतं. फर्डिनंडचंच घ्या. विधवा बहिणीने पुन्हा लग्न करू नये म्हणून तो पहिल्या अंकात दरडावतो, बापाचा खंजीर काढून दाखवतो. का? नाटक कारण सांगत नाही. तिला मारून झाल्यावर चौथ्या अंकात तो म्हणतो की ती विधवाच राहिली असती तर तिच्या मरणानंतर अमाप संपत्ती हाती येईल अशी आशा होती. पण तिला पहिल्या नवऱ्यापासून मुलगा आहे, तिसऱ्या अंकात फर्डिनंड स्वतःच त्याचा उल्लेख करतो. म्हणजे संपत्तीचं कारण टिकत नाही. तो आणि ती जुळी भावंडं आहेत, हेही प्रेक्षकाला तिच्या प्रेतापाशीच कळतं. इथे दोन चुका होतात. एक, बहिणीबद्दलची वासना पहिल्या प्रवेशापासून हाताळण्या-कुरवाळण्यातून दाखवायची. मग पुढे उघडं व्हायला काही उरत नाही. दुसरी, त्याला सरळ लोभी करून टाकायचं. तिसरा मार्ग धरा. आपल्याला नक्की काय होतंय हे फर्डिनंडला माहीत नाही, आणि संपत्तीचं कारण तो स्वतःलाच ऐकवतोय. नटाने ते वाक्य बोसोलाकडे न पाहता म्हणावं, एवढं पुरतं.

बोसोलाचा रकाना मात्र गच्च भरलेला. खुनाच्या गुन्ह्यात सात वर्षं गलबतावर वल्ही मारून तो आलाय, आणि तो खून डचेसचा दुसरा भाऊ कार्डिनल यानेच करवला अशी कुजबुज आहे. पहिल्या अंकात त्याला सोनं आणि घोड्यांच्या पागेवरची नोकरी मिळते, ती हेरगिरीसाठी. डचेसला मारल्यावर तो मोबदला मागतो, तर फर्डिनंड म्हणतो की या खुनाची माफी हाच तुझा मोबदला. बोसोला सूड घ्यायला वळतो तो या क्षणी. त्यात पश्चात्ताप आहे, आणि बुडालेल्या पगाराचा संतापही आहे. नुसता पश्चात्ताप खेळला की पाचवा अंक ओला होतो. संताप धरून ठेवा.

थोडा इतिहास नटांना जरूर सांगा, पण एका बैठकीत उरका. जेम्सची नातलग आर्बेला स्टुअर्ट हिने १६१० मध्ये राजाच्या परवानगीशिवाय गुपचूप लग्न केलं, तिला कैद झाली आणि १६१५ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगातच ती वारली. वरच्या घरातल्या बाईचं लग्न हा राज्याचा मामला होता हे यातून लगेच कळतं. त्या काळचा कायदेपंडित फ्रान्सिस बेकन याने सूडाला एक प्रकारचा रानटी न्याय म्हटलं, कायद्याने त्याला उपटून टाकावं असं त्याचं मत. या नाटकांतला पेच असा की कायदा ज्याच्या हातात आहे तोच गुन्हेगार असतो. इटली, स्पेन ही स्थळं लंडनच्या दरबाराबद्दल बोलायची सोय होती. स्थळ बदलण्याच्या भानगडीत पडू नका, इटली इटलीच राहू द्या.

काटछाट

‘डचेस’ सुमारे तीन हजार ओळींचं आहे. तासाला हजार ओळी हा वेग नटांना झेपतो, म्हणजे न कापता तीन तास आणि वर मध्यंतर. २,१०० ते २,२०० ओळींवर आणा. कापताना अपराधी वाटायचं कारण नाही. १६२३ च्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावरच म्हटलंय की प्रयोगाच्या लांबीत न बसलेल्या बऱ्याच गोष्टी इथे छापल्या आहेत. मूळ मंडळींनीही कात्री चालवली होती.

कात्री कुठे चालवायची? दरबाऱ्यांच्या कोट्या, युद्धाच्या बातम्या, बोसोलाची बायकांच्या रंगभूषेवरची लांबलचक टवाळी निम्म्यावर आणा. लोरेटोच्या देवळातली मूकनाट्याची जागा ठेवा. कार्डिनल तिथे पुरोहिताची वस्त्रं उतरवून सैनिकाची चढवतो, भाषणापेक्षा तेवढ्यात जास्त कळतं. जर्दाळूंचा प्रसंग अजिबात कापू नका. बोसोला डचेसला जर्दाळू खायला देऊन ती गरोदर आहे का हे ताडतो, घरात घुसलेला हेर कसा काम करतो ते त्यात दिसतं.

एक सापळा लक्षात ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांमध्ये काही वर्षं जातात आणि डचेसला आणखी दोन मुलं होतात. ही बातमी तिचा गुपचूप केलेला नवरा अँटोनिओ एका वाक्यात सांगतो, आणि ते वाक्य हमखास हुकतं. मुलं रंगमंचावर दाखवा. मोठ्याला बापाचा हात धरून चालवा, धाकटी दोन दासी कॅरिओलाजवळ द्या. संवाद लागत नाही.

मध्यंतर तिसऱ्या अंकाच्या शेवटी, तिला पकडून नेल्यावर. आधी घेतलं तर उत्तरार्ध लांबतो, चौथ्यानंतर घेतलं तर प्रेक्षक मनाने घरी गेलेला असतो.

पात्रवाटप

बारा जणांत ‘डचेस’ होतं. चौथ्या अंकात वेड्यांचा नाच आहे, संहितेत आठ वेडे सांगितलेत. आठ नवे नट आणू नका. अँटोनिओ, त्याचा मित्र डेलिओ, कार्डिनल, त्याची प्रेयसी ज्युलिया आणि दरबारी करणारे त्या प्रवेशात मोकळे असतात, त्यांनाच वेडे करा. तिच्या आयुष्यातली सगळी माणसं बरळत तिच्याभोवती नाचतात, हा परिणाम फुकट मिळतो. १६२३ च्या नटयादीतही डेलिओ करणाऱ्या अंडरवूडचं नाव वेड्यांत आहे. फर्डिनंड आणि बोसोला मात्र या नाचात नकोत.

‘रिव्हेंजर्स’मध्ये पात्रांची नावंच त्यांचा स्वभाव सांगतात: विंडिची म्हणजे सूड घेणारा, लुसुरिओसो म्हणजे विषयलंपट, कास्तिझा म्हणजे शुद्ध. म्हणून नट अर्कचित्र काढायला लागतात. ग्रासियाना, म्हणजे विंडिचीची आई, आणि कास्तिझा या दोघींना त्यातून बाहेर ठेवा. बाकी दरबार कितीही रंगीत चालेल, ते एक घर साधं हवं.

आईचा प्रवेश

‘रिव्हेंजर्स’चा कणा दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश आहे, कवटी नाही. ड्यूकचा मुलगा लुसुरिओसो याला कास्तिझा हवी आहे. वेश पालटून त्याच्या नोकरीत शिरलेल्या विंडिचीला तो हेच काम सांगतो, ती त्याची बहीण आहे हे न कळता. आता विंडिची आईसमोर दलाल म्हणून उभा आहे. बहीण थोबाडीत मारून निघून जाते, तो खूश होतो. मग आईची परीक्षा घ्यायची त्याला उबळ येते. ती आधी झिडकारते, मग शब्दांनी ढिली पडते, मग पैसा दिसतो.

बसवायची रीत अशी. वेश कमीत कमी ठेवा. वेगळी टोपी, बदललेली चाल, आवाज अर्धा सूर खाली. मोठी दाढी लावली तर मुलाचा चेहरा जातो आणि प्रवेशाचा जीवच जातो. आई ओळखत नाही हे प्रेक्षक मान्य करतो, त्याची काळजी नको. जनांतिकं प्रेक्षकांकडे नेमकी तोंड फिरवून, चटकन फेका. त्यांत थांबलात तर आई उगाच ताटकळत उभी दिसते. पैसे खरे जड हवेत. धातूच्या चकत्यांची २००-२५० ग्रॅमची चामडी थैली करा आणि ती टेबलावर ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. ग्रासियानाने थैलीकडे लगेच पाहायचं नाही. चारपाच ओळी मुलाच्या चेहऱ्याकडेच पाहून बोलायचं आणि त्यादरम्यान हात टेबलावर आणून ठेवायचा. तो हात थैलीला लागतो त्या क्षणी विंडिचीचं तोंड प्रेक्षकांकडे असावं.

इथली नेहमीची चूक म्हणजे आईला हावरी करणं. घर गरिबीत आहे, नवरा दरबाराने खचवून मारलाय, मुलं नोकरीच्या शोधात. ती हिशेब करते आणि हिशेब बरोबर येतो. ती जितकी शहाणी दिसेल तितका प्रवेश क्रूर होतो.

चौथ्या अंकात दोन्ही मुलगे खंजीर उपसून तिला खेचत आणतात आणि कबुलीजबाब घेतात. त्या नाटकातला सगळ्यात हिंसक प्रवेश हाच, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. खंजीर आईच्या अंगाला कधीच टेकू नये, दोन हात अंतर राखा. धार जवळ गेली की प्रेक्षक नटीची काळजी करू लागतो आणि आईला विसरतो.

केस विंचरण्याचा प्रवेश

‘डचेस’च्या तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. रात्र, शयनगृह. डचेस केस मोकळे करतेय, नवरा अँटोनिओ आणि दासी कॅरिओला थट्टा म्हणून हळूच निसटतात. ती पाठ न वळवता बोलत राहते, केस पिकू लागल्याचा विनोद करते. मागे किल्ली लावून फर्डिनंड आत आलाय.

आरसा हातातला घ्या, लहान. मोठा आरसा ठेवला तर ती त्याला आरशात पाहणारच, मग आधी का बोलली नाही हा प्रश्न येतो. तिला प्रेक्षकांसमोर तिरकी बसवा, दार तिच्या पाठीमागे डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात. फर्डिनंडची एन्ट्री निःशब्द. बूट मऊ तळाचे, दाराला तेल. संगीत नको, प्रकाशात बदल नको. पार्श्वसंगीताचा एक ठोका इथे घातला की प्रवेश फसला म्हणून समजा. प्रेक्षकाने त्याला स्वतः शोधून काढायला हवं, काहींना दोन ओळी आधी दिसेल, काहींना नंतर, आणि ती कुजबुज प्रेक्षागृहात पसरते. तो तिला खंजीर देतो. पहिल्या अंकातला बापाचा खंजीर हाच ठेवा, संहितेत तसं सांगितलेलं नाही पण अडवलेलंही नाही. मूठ ओळखता येईल अशी करा, लाल दगड किंवा पितळी मुठीचा.

चौथा अंक

हा अंक म्हणजे भावाने बहिणीसाठी आखलेला छळाचा कार्यक्रम आहे, एकापाठोपाठ एक.

मेलेला हात. फर्डिनंडने तिचं तोंड न पाहण्याची शपथ घेतलीय, म्हणून तो दिवे काढायला लावतो आणि अंधारात तिच्या हातात एक तुटलेला हात देतो. ती तो चुंबते, गार आहे म्हणते, मग दिवे मागते. पूर्ण ब्लॅकआऊट करू नका, प्रेक्षकाला नुसते आवाज ऐकू येतात आणि दिवा लागल्यावर हशा पिकतो. हे नाटक ब्लॅकफ्रायर्सच्या बंद नाट्यगृहात मेणबत्त्यांवर झालं आणि ग्लोबमध्ये दिवसाउजेडीही. ग्लोबमधल्या प्रेक्षकाला तिच्या आधी हात दिसत होता. तेच करा. प्रकाश दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवा, तिने चाचपडून अंधार खेळावा. हात सिलिकोनचा, मनगटापर्यंत, ४०० ग्रॅमच्या आसपास, बोटात अंगठी. रबरी मोज्यात कापूस भरलेला हात हलका असतो आणि तिच्या हातात उडतो, तिथेच खेळ संपतो.

मेणाचे पुतळे. पडदा सरकतो आणि अँटोनिओ व मुलांची प्रेतं दिसतात, खरी वाटणारी पण मेणाची. इथे संहितेतच गाठ आहे. पुढच्याच प्रवेशात मरायच्या आधी ती कॅरिओलाला सांगते की धाकट्याला सर्दीचं औषध दे, मुलीला झोपायच्या आधी प्रार्थना म्हणायला लाव. मुलं मेली असं समजत असेल तर हे कसं? उपाय सोपा. तिसऱ्या अंकात थोरला मुलगा बापाबरोबर मिलानला गेलाय. पुतळे फक्त त्या दोघांचे दाखवा. धाकटी दोघं तिच्या लेखी जिवंत राहतात आणि औषधाचं वाक्य बरोबर जागी लागतं. पुतळ्यांऐवजी नटच उभे केलेत तर तोंडावर तलम जाळी टाका आणि वीस सेकंदांच्या वर पडदा उघडा ठेवू नका. श्वास दिसतो.

फास. जल्लाद शवपेटी, दोर आणि घंटा घेऊन येतात. ती गुडघे टेकते, स्वर्गाचं दार ठेंगणं आहे म्हणून, आणि जोरात ओढा म्हणते. दोर जाड सुती, दीड सेंटिमीटर व्यासाचा, मानेमागे वेल्क्रोने जोडलेला, म्हणजे ताण आला की सुटेल. दोर गळ्याच्या पुढे नव्हे, गळपट्टीच्या हाडांवर टेकवा. जल्लाद मानेपासून दूर, आपापल्या मुठींमध्ये ताण दाखवतात. गळ्यावर भार शून्य. वेग आणि शेवट नटी ठरवते, तिच्या हाताची खूण आली की जल्लाद थांबतात. हे लढत बसवणाऱ्या जाणकाराशिवाय करू नका, आणि प्रत्येक प्रयोगाआधी अर्ध्या वेगात एकदा करून घ्या. नंतर कॅरिओला मरते ती ओरबाडत, चावत, खोटी कारणं सांगत. तिला आवरतं घेऊ नका. मालकिणीची शांती किती दुर्मिळ होती ते दासीच्या धडपडीनेच कळतं.

मग फर्डिनंड येतो, तिचं तोंड झाकायला सांगतो, बोसोलाशी भांडतो, जातो. तोवर डचेस प्रेत म्हणून पडून असते आणि नंतर क्षणभर शुद्धीवर येऊन अँटोनिओचं नाव घेते. तिला सुरुवातीपासूनच कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे करून पडू द्या, म्हणजे छातीची हालचाल झाकते आणि नंतर मान वळवणं सहज होतं. झाकणारं कापड विरळ विणीचं हवं.

हशा

ही नाटकं हसवतात. लेखकांना ते माहीत होतं. ‘रिव्हेंजर्स’मध्ये विंडिची विचारतो की आभाळात गडगडाट उरला नाही का, आणि गडगडतं, आणि तो म्हणतो, हा बघा आला. तिसऱ्या अंकात दोन सावत्र भाऊ लुसुरिओसोच्या खुनाचं श्रेय घेण्यावरून भांडत असतात, समोर रक्ताळलेलं मुंडकं येतं, आणि मागून लुसुरिओसो धडधाकट चालत येतो. मुंडकं त्यांच्या स्वतःच्या धाकट्या भावाचं असतं. इथला हशा दाबू नका, उलट वेग वाढवा. हक्काच्या जागी हसू दिलं की प्रेक्षक नको त्या जागी हसत नाही. मुंडकं कापडात गुंडाळलेलंच ठेवा. उघडं दाखवलं की सगळे रंगभूषा तपासायला लागतात.

ड्यूकच्या खुनाच्या प्रवेशात हसू आणि क्रौर्य दोन्ही एकत्र आहेत. नऊ वर्षांपूर्वी ड्यूकने विष घातलेल्या आपल्या प्रेयसीची कवटी विंडिचीने नटवून, ओठांना विष लावून आणलीय. ड्यूक चुंबन घेतो, त्याचे दात झडू लागतात, आणि विंडिची विचारतो, दात उरले होते का? मग त्याला मरता मरता स्वतःची बायको आणि अनौरस मुलगा एकमेकांच्या मिठीत बघायला लावतात. विषाहून हे जबर आहे, प्रवेशाचा शेवट तिथे न्या. कवटी फायबरची घ्या, प्लास्टरची तालमीतच फुटते. लाकडी दांड्यावर बसवून वर झगा आणि बुरखा घाला, बसलेल्या बाईच्या उंचीवर. दांडा विंडिचीच्या हातात, डोकं किंचित झुकवायला. मशाल जवळ आणल्यावरच खोबणी दिसल्या पाहिजेत, त्याआधी बुरखा डोळ्यांखाली.

‘डचेस’च्या पाचव्या अंकात लांडगा झाल्याच्या भ्रमात फर्डिनंड आपल्या सावलीवर झडप घालतो. सावली पडलीच नाही तर तो नुसताच जमिनीवर आपटतो. एकच दिवा, कमरेच्या उंचीवरून, एका बाजूने; बाकी सगळे वीस टक्क्यांच्या खाली.

रक्त

तोंडातून येणारं आणि कपड्यांवरचं रक्त वेगळं करा. तोंडासाठी चार भाग लिक्विड ग्लुकोज, एक भाग पाणी, लाल खाद्यरंग, दोन-तीन थेंब निळा, चिमूटभर कोको पावडर. निळा नसेल तर रक्त गुलाबी दिसतं, कोको नसेल तर पारदर्शक. कपड्यांच्या रक्तात थोडा पातळ डिटर्जंट घाला, डाग निघायला सोपं जातं. हे तोंडात जाता कामा नये, म्हणून बाटल्यांवर वेगळ्या रंगाची पट्टी लावा. एका वाराला १५ ते २० मिलिलिटरची पातळ पिशवी पुरते. अख्ख्या ‘डचेस’ला ३०० मिलिलिटर भरपूर झालं.

खऱ्या प्रकाशात पाहिल्याशिवाय रंग पक्का करू नका. गडद लाल प्रकाशात लाल रक्त पुसल्यासारखं होतं, निळ्या-हिरव्यात काळं दिसतं. जमिनीवर सांडलेला ग्लुकोज आधी निसरडा, मग चिकट. तलवारी चालत असतील त्या जागी तो पडू देऊ नका आणि अंकांच्या मध्ये पुसायला एक माणूस नेमा.

पाचवा अंक आणि प्रेतं

डचेस गेल्यावर अख्खा अंक उरतो, आणि नाटक तिथेच लडखडतं. २५ मिनिटांत बसवा. ज्युलियाला विषारी बायबलचं चुंबन घ्यायला लावून कार्डिनल मारतो तो प्रसंग, प्रतिध्वनीचा प्रवेश, बोसोलाच्या हातून अंधारात अँटोनिओ मरतो तो, आणि शेवट. प्रतिध्वनी डचेसच्या कबरीकडून येतो, तो तिच्याच आवाजात हवा, पण ध्वनिमुद्रित नको. अभिनेत्रीला विंगेत उभं करा, अँटोनिओच्या वाक्याचं शेपूट तिने त्याच सुरात, अर्ध्या आवाजात परत करायचं. प्रतिध्वनी म्हणून स्पीकरमधला घुमारा घातला की अर्थ जातो, कारण तो प्रतिध्वनी त्याला सावध करतोय.

अँटोनिओचा खून चुकून होतो हे स्पष्ट दिसायला हवं. बोसोला पाठमोरा, दार उघडल्याचा आवाज ऐकून वळतो आणि वार करतो, पाहणं नंतर. वार करण्याआधी तो क्षणभर जरी थबकला तरी प्रेक्षकाला वाटतं त्याने ओळखलं होतं.

‘रिव्हेंजर्स’च्या शेवटी दोन टोळ्या एकाच पोशाखात नाचत येतात. पहिली मेजावरच्यांना मारून जाते, दुसरी तेच करायला येते, प्रेतं बघते आणि दोनचार वाक्यांत आपसात कापाकापी करते. इथे मुखवटे नीट मोजा. दोन्हींत चार-चार जण, वेश तोच. पण विंडिचीच्या टोळीला एक खूण ठेवा, डाव्या हातात पांढरा मोजा किंवा तत्सम, नाहीतर शेवटी कुणी कुणाला मारलं हे कुणालाच कळत नाही. मरणाऱ्या लुसुरिओसोच्या कानात विंडिची आपलं नाव सांगतो. ती कुजबुज खरी कुजबुज ठेवा, पण तोंड प्रेक्षकांकडे. मग तोच विंडिची अँटोनिओ नावाच्या (‘डचेस’मधला नव्हे) नव्या सत्ताधीशापुढे खुनाची फुशारकी मारतो आणि तिथल्या तिथे मरणाची शिक्षा घेतो. ही फुशारकी घाईत उरकू नका. आपल्या कारागिरीला दाद मिळावी म्हणून तो बोलतो.

प्रेतांचं नियोजन कागदावर करा. कोण कुठे पडतं, डोकं कुठल्या बाजूला, कुणावर पाय पडणार नाही ना. मूळ रंगमंचाला दर्शनी पडदा नव्हता, प्रेतं उचलूनच न्यावी लागत. तुमच्याकडे ब्लॅकआऊट आहे, तरी उचलण्याची आज्ञा कापू नका. वाहणाऱ्यांना दोन तालमी द्या: एकाने काखेतून, दुसऱ्याने गुडघ्याखालून, आणि प्रेताने मान स्वतः धरून ठेवायची, लुळी सोडायची नाही. पोटावर पडणाऱ्यांनी तोंड मागच्या बाजूला करून श्वास घ्यावा. शेवटच्या झटापटीत धाप लागलेला नट शेवटी न मरता आधी मरेल असा क्रम लावता आला तर लावा, म्हणजे अखेरच्या भाषणापर्यंत त्याची छाती स्थिरावते.